लाल दोऱ्याची मावशी

१९८८ साली मी बत्तीस वर्षांचा होतो, आणि त्या साली काय किंवा आज काय, विकलेला माल परत आला म्हणून खूश होणारी बाई मी जगात एकच पाहिली. डोंबिवलीत मानपाडा रोडच्या फुटपाथवर ती माझ्या शेजारी बसायची. दुपारी डोक्यावर स्टीलच्या भांड्यांची पाटी घेऊन बिल्डिंगी पालथ्या घालायची, जुने कपडे घेऊन भांडी द्यायची, आणि तेच कपडे धुऊन, इस्त्री करून सकाळ-संध्याकाळ विकायची. सगळे तिला मावशी म्हणायचे. मी जुन्या पँटी विकायचो. माझा कायदा साधा, गिऱ्हाईक चार पावलं पुढे गेलं की मी त्याला ओळखत नाही. शाळेत फार गेलो नाही, पण एवढं शहाणपण मला होतं. मावशीला ते मान्य नव्हतं. कुणी पिशवीत कपडा कोंबून, तोंड वाकडं करत येताना दिसलं की ती लांबूनच हाक मारायची, "ये गं ये, भांडायला आलीस ना? बस आधी. पाणी पी. कोरड्या घशाने काय भांडशील?" अर्धी भांडणं त्या तांब्यातच बुडायची.

उरलेल्या अर्ध्यांसाठी तिच्याकडे लाल दोरा होता. कपडा मांडायच्या आधी ती तो उन्हाकडे धरायची, आणि जिथे भोक, डाग, रफू दिसेल तिथे लाल दोऱ्याचा एक टाका घालायची. लोक ऐब झाकतात, ही ऐबाला कुंकू लावून बसवायची. मी म्हणायचो, "मावशे, धंदा करतेस की कपड्यांची बदनामी?" ती म्हणायची, "अरे पँटवाल्या, भोक मी दाखवलं तर ते कपड्याचं. तिने घरी जाऊन शोधलं तर ते माझं." मग फाटलं म्हणून कुणी परत आलं की दोरा बघायचा. असला तर "तुला दाखवलेलं." नसला तर "हे तुझ्या घरचं." एकदा कंपनीतला एक माणूस सफारी परत घेऊन आलेला, अंगाला होत नाही म्हणून. मावशीने त्याला घातलेल्या कपड्यांवरूनच सफारी चढवायला लावली आणि पार मेडिकलच्या दुकानापर्यंत चालवून आणलं. भाजीवालीने, चांभाराने, मी, सगळ्यांनी मत दिलं, झकास बसते. तेवढ्यात त्याने सवयीने सफारीच्या खिशात हात घातला आणि आतून अक्षता सांडल्या. "लग्न नीट पार पडलं ना रे?" एवढंच मावशीने विचारलं. तो सफारी अंगात ठेवूनच गेला.

ती माझ्याही मागे लागलेली. माझी आई आदल्या वर्षी गेली. तिचं हिरवं लुगडं मी पेटीत ठेवलेलं. मावशी अधूनमधून विचारायची, "देतोस का? झाकणाचा डबा देते." मी म्हणायचो, "सगळी पाटी दिलीस तरी नाही." "कसर खाईल रे." "खाऊ दे. माझ्या आईचं आहे."

मग एका रविवारी सकाळी सोसायटीतली एक बाई निळी सिल्कची साडी परत घेऊन आली. पाणी नको म्हणाली, तिथेच मी ओळखलं. उभ्यानेच ओरडली, "मेलेल्या बाईची साडी खपवलीस मला! आमच्या शेजारणीने ओळखली." गर्दी जमली. आता याला काही लाल दोरा नव्हता. मावशी नाही म्हणाली असती तर कोण शोधायला जाणार होतं? मी डोळ्यांनी खुणा करत होतो, नाही म्हण, नाही म्हण.

"हो," मावशी म्हणाली. "गेलेल्या बाईचीच आहे. तिच्या लेकीने रडत रडत दिली. मरण म्हणजे काही ऐब नाही, म्हणून दोरा घातला नाही."

"शी! लाज नाही वाटत?"

"तुझ्या गळ्यातली बोरमाळ कुणाची गं?"

"सासूबाईंची."

"बऱ्या आहेत का त्या?"

बाईने माळ पदराआड केली. मागे कुणीतरी फिस्सकन हसलं. मावशीने तिचे पैसे तिच्या हातावर ठेवले, साडीची घडी घातली आणि सगळ्यांत पुढे मांडली.

भांडण ती जिंकली, पण गिऱ्हाईक गेलं. त्या संध्याकाळी बायका यायच्या, कपड्याला हात लावायच्या, "ही कुणाची?" विचारायच्या आणि हात पदराला पुसून निघून जायच्या. मावशी एकेकीला खरं तेच सांगत होती. मी चिडलो, "अगं, एकदा तरी खोटं बोल की!" तर म्हणाली, "उद्यापण असंच झालं तर पाटी विकून गावाला जाईन. पण खोटं बोलून इथे बसायची नाही." पाण्याचा तांब्या भरलेला तसाच होता. भांडायलासुद्धा कुणी आलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पँटी मांडल्याच नाहीत. आईचं लुगडं घेऊन मावशीसमोर जाऊन उभा राहिलो. "डबा नको," म्हटलं. तिने लुगडं उन्हाकडे धरलं. पदराचं एक टोक विरलेलं होतं, आई तिथे पेटीची किल्ली बांधायची. मावशीने तिथे लाल टाका घातला, दोरा दाताने तोडला आणि लुगडं माझ्या हातात दिलं. मी ते निळ्या साडीच्या शेजारी पसरलं आणि अख्ख्या रस्त्याला ऐकू जाईल असा ओरडलो, "माझ्या आईचं आहे! गेली ती! घ्यायचं त्यांनी या! आणि परत करायचं झालं तर माझ्याकडे आणा, मी घेईन!"