धोटेकाकांचा वाया गेलेला स्कॅन

धोटेकाकांनी पहिल्या भेटीत नमस्कार केला नाही, आमच्या सरांचे खिसे तपासले. एमआरआयच्या खोलीत धातू न्यायचा नाही, एवढं मी बोलले मात्र, हे गृहस्थ दारातच उभे राहिले आणि सरांच्या किल्ल्या, पेन, कमरेचा पट्टा काढून घेतला. खमरियाच्या दारूगोळा कारखान्यात जन्म गेलेला. तिथे खिशात काडेपेटी राहिली तरी गहजब. "पहिले खिसे, मंग गप्पा," हे त्यांचं पालुपद. सर पँट सावरत आत गेले. मला फार बरं वाटलं.

जबलपुरात मी तेव्हा मेंदूवर संशोधन करत होते. मेंदूत भावना उसळते तो भाग आणि तिला आवरणारा कपाळामागचा भाग एकमेकांशी कसे वागतात, ते बघायचं. माणसाला यंत्रात निजवून फोटो दाखवायचे. काही अनोळखी, काही घरच्यांचे. अट एकच, डोकं हलवायचं नाही. लोकांना नेमकी तेव्हाच खाज सुटते.

काका विज्ञानासाठी आलेच नव्हते. काकू गेल्या तेव्हा ते रडले नाहीत. तेराव्याला मुलगी म्हणाली, बाबा, तुम्ही दगड आहात. आणि बोलणंच टाकलं. "बेटा, आत काही हाय का नाही, तेवढं पाहून सांग," काका म्हणाले. "मलाच आता शंका येऊन राहिली."

आत ते ओंडक्यासारखे पडून राहिले. मी खूश. आठवड्यानं सर म्हणाले, हा स्कॅन टाकून दे, डोकं हललंय. मी चिडून हालचालीचा आलेख काढला. सरळ रेघ, मधे एकच उडी. वेळ जुळवून पाहिली. तेव्हा पडद्यावर पनागरच्या शेतात वाटाणे सोलत हसणाऱ्या काकू होत्या.

एकेकाचा निकाल सांगायचा नाही, असा नियम. गेला खड्ड्यात. काकांना बोलावून सांगितलं, मेंदूचं काही कळलं नाही, पण या फोटोला तुम्ही हललात. ते आधी खजील होऊन माफी मागू लागले. मग आलेखाच्या कागदावर त्या उडीवर बोट ठेवून बसून राहिले. तो वाया गेलेला कागद मागून घेतला. पोरीला दाखवतो म्हणाले.

लबाड. दाखवला नाहीच. मागल्या वर्षी काका गेले, आणि मुलीचा फोन आला. बाबांच्या खिशात एक कागद सापडला, मागे तुमचा नंबर आहे, हे काय आहे? मी सगळं सांगितलं. 

"किती हलले होते?" तिनं विचारलं.

"तीन मिलिमीटर," मी म्हणाले. "आमच्याकडे हे फार समजतात."