अंबाबाईशी अबोला

अंबाबाईशी मी अबोला धरला होता. तिचं त्यानं काही अडलं असेल असं आता वाटत नाही. तेव्हा मात्र मला मोठी खात्री होती. मालक जाऊन वर्ष होत आलं होतं. शाहूपुरीत शेजारणीकडे नवरात्रातलं हळदीकुंकू होतं. ओटीचं नारळ-तांदळाचं ताट एकेकीसमोर थांबत आलं आणि माझ्यासमोरून अलगद पुढं गेलं. विधवेची ओटी भरत नाहीत, हे मला ठाऊक का नव्हतं? तरी घरी येऊन देवीच्या तसबिरीला म्हटलं, "तूही मला वगळलंस ना? बरं. मलाही कुणाची गरज नाही." आणि ते सिद्ध करायला अंदमानातल्या एका चिमुकल्या बेटावर एकटीनं जायचं ठरवलं. तेव्हा मी अवघी साठीची होते. अक्कल यायची होती.

"आक्का, एकट्या जाऊन काय करणार हायसा तिथं?" धाकट्या जावेनं विचारलं.

"समुद्र बघणार."

"मग रंकाळा हाय की हितं. पाणी ते पाणीच."

परक्याच्या हातचं खायचं नाही हाही एक बाणा होता, म्हणून डबाभर दशम्या नेल्या. दुधात पीठ मळून केलेल्या या भाकऱ्या आमच्याकडे प्रवासात चांगल्या टिकतात. बेटावरच्या दमट हवेत त्यांना मिशा फुटल्या. शहाण्या बाईनं डबा माशांना वाहिला असता. मी बुरशी खरवडली, 'अन्न टाकू नये' असं स्वतःलाच बजावलं आणि खाल्ल्या. दुसऱ्या दिवशी पोटात पाण्याचा घोट ठरेना. समुद्र खवळलेला, बोटी बंद, फोनला रेंज नाही, आणि लॉजचा मालक कुठं गेला होता तोच जाणे. दवाखाना जवळच आहे असं ऐकलं होतं, म्हणून भर उन्हात चालत निघाले. वाटेत एका झाडाखाली मटकन बसले ती उठताच येईना. जीभ टाळूला चिकटलेली. इथं मेले तर बोट सुरू होईपर्यंत घरी कळणारसुद्धा नाही, या विचारानं मी पहिल्यांदा खरी घाबरले.

मग अबोला मोडला. धरला मीच होता, मोडलाही मीच. आधी भरपूर भांडले. "तू बस तिकडं गाभाऱ्यात नटून. मी मरते इथं." भांडायचंही त्राण संपलं तेव्हा एवढंच निघालं, "बाई, आता माझ्यानं होत नाही. तूच बघ."

थोड्या वेळानं एक स्कूटर थांबली. भांगात शेंदूर भरलेली एक बंगाली बाई, पायाशी नारळांचं पोतं, वर कोयता.

"मासी, अकेली हो?"

"अकेली हूँ की," मी माझं कोल्हापुरी हिंदी काढलं. "पेट बिघड्या है."

तिनं शहाळं फोडून माझ्या तोंडाला लावलं. परक्या हाताचा बाणा कुठं गेला कोण जाणे. मी ते घटाघटा प्याले. तिनं दवाखान्यात नेलं, सलाईन संपेस्तोवर शेजारी बसली. सगळं विचारून घेतलं. मालक गेल्याचंही मी सांगितलं, दशम्यांचंही. दशम्यांवरून मात्र तिनं मला पोटच्या पोरीसारखं झापलं.

मग मला आपल्या घरी नेलं. संध्याकाळी तिथून निघताना म्हणाली, "चावल का माँड पीना." म्हणजे भाताची पेज. "लो, आँचल फैलाओ."

"पिशवी दे की गं."

"नहीं है थैली."

मी पदर पसरला. तिनं त्यात ओंजळीनं तांदूळ घातले, वर एक नारळ ठेवला. तिला ओटी ठाऊक नव्हती. माझे डोळे वाहायला लागले तशी पोट पुन्हा दुखतंय समजून ती गोळी आणायला आत पळाली.

ती देवी होती असं मी म्हणत नाही. अंबाबाई स्कूटरवरून येऊन कोणाला शिळ्या भाकरीवरून रागावेल का? आता, रागावेलही. मला एवढंच कळतं, की दोन्ही हातांत ऐट गच्च धरली होती तोवर पदर पसरायला हात मोकळेच नव्हते. अंबाबाईनं मला वगळलं नव्हतं. मीच तिकडं पाठ करून बसले होते, आणि तरी तिनं मला समुद्रापार गाठलं. त्या बाईच्या घरावर तिची छाया राहो.

आता आमच्या हळदीकुंकवाला ओटीचं ताट मीच फिरवते, कुणालाही न वगळता. परवा धाकटी जाऊ मागं सरकली. तीही आता एकटीच आहे.

"आक्का, मला कशाला?"

"पसर पदर," म्हटलं. "पिशवी न्हाय माझ्याकडं."