नॉटिंगहॅमचे जुने परके

आमच्या नॉटिंगहॅमच्या मराठी कंपूत एवढे किस्से कधी साठले ते कळलंच नाही. घडले तेव्हा ते किस्से नव्हतेच मुळी. तेव्हा ते अपमान होते! घरी यायचं, बूट काढायचे, नवऱ्याला सांगायचं, चहा प्यायचा आणि दुसऱ्या दिवशी परत ड्यूटीवर जायचं. पुढे वर्षं गेली, दिवस पालटले, आणि आता कोणाच्याही घरी जमलो की तेच सांगताना आमची हसून पुरेवाट होते. मुलं म्हणतात, “नो वे! तुम्ही मसाला घालता.”

घालत असू थोडा. पण डाळ आमचीच आहे!

मी नलिनी जोगळेकर, भूल देणारी डॉक्टर. माझा पुण्याचा वर्गमित्र मनोहर दाते आणि त्याची बायको विमल आमच्या कितीतरी आधी इथे आले. म्हणून किश्श्यांमध्येही आघाडी त्यांचीच. पण सुरुवात मी माझ्यापासून करते.

* * *

ऐंशीच्या दशकाची सुरुवात. मी ज्यांच्याबरोबर ऑपरेशन थिएटरमध्ये काम करायची ते सर्जन फार निष्णात आणि तितकेच तिरसट. पहिल्याच दिवशी माझ्या बॅजकडे बघून म्हणाले, “जॉगल-कार? छे, हे मला जमायचं नाही. आय शॅल कॉल यू डॉक्टर जे.”

झालं! त्या दिवसापासून मी सगळ्या हॉस्पिटलची डॉक्टर जे.

आता यांचं स्वतःचं नाव काय, तर फेदरस्टोनहॉ. लिहायला पाऊण ओळ लागते. आणि म्हणायचं कसं? “फॅनशॉ”! मधली सगळी अक्षरं गिळायची.

एकदा एक नवी स्टुडंट आली. बिचारीने भिंतीवरचं नाव वाचून “गुड मॉर्निंग, मिस्टर फेदर-स्टोन-हॉ” म्हटलं. हे उसळले. “फॅनशॉ! माणसाचं नाव नीट घेता आलंच पाहिजे!”

मी पेशंटच्या उशाशी बसले होते. कुठून धीर आला देव जाणे. म्हटलं, “सर, माझं तर जसं लिहितात तसंच म्हणतात!”

मास्कआड हसू दाबताना सिस्टरचे खांदे गदगदत होते. साहेबांनी टाका घातला, गाठ मारली आणि मान वर न करता म्हणाले, “परत म्हणा. सावकाश.”

“जोग-ळे-कर.”

ऑपरेशन संपेपर्यंत त्यांची उजळणी चालू होती. ‘ळ’ काही त्या जिभेला शेवटपर्यंत वळला नाही. पण त्यानंतर कोणी मला डॉक्टर जे म्हणालं की तेच गरजायचे, “जोग-ले-कर! इट्स स्पेल्ट एक्झॅक्टली ॲज इट्स सेड! यू हॅव नो एक्स्क्यूज!”

* * *

मनोहर-विमलने पहिलं सेमी-डिटॅच्ड घर घेतलं. सामान उतरतंय न उतरतंय तोवर भिंतीला भिंत लागून राहणाऱ्या शेजारच्या केनने स्वतःच्या घरापुढे पाटी लावली: फॉर सेल!

पाटीचा अर्थ कळायला काही पदवी लागत नव्हती. विमल आठवडाभर पडदेच उघडेना. मनोहर मात्र कोणी घर बघायला आलं की मुद्दाम बागेत उभा राहून, अगदी आदबीने, “लव्हली मॉर्निंग!” म्हणायचा.

शेवटी एक गिऱ्हाईक पक्कं झालं. घर पसंत, घासाघीस नाही, लगेच राहायला यायला तयार. कोण? तर लेस्टरचं एक गुजराती कुटुंब!

दुसऱ्या दिवशी पाटी गायब. मनोहरने कुंपणावरून विचारलं, “काय केन, फिसकटलं?”

केन म्हणाला, “घर तसं बरं आहे. उगाच कशाला हलायचं?”

मग काय, राहिले शेजारी-शेजारी. आधी मान हलवणं, मग हवेवर चर्चा, मग केनच्या बायकोने विमलला गुलाब कसे छाटायचे ते शिकवलं, आणि विमलने तिला कोथिंबीर कशी लावायची ते. एका हिवाळ्यात केनला न्यूमोनिया झाला, तेव्हा घरच्या किल्ल्याच दात्यांकडे आल्या. त्या कोणी परत मागितल्या नाहीत आणि कोणी परत दिल्या नाहीत.

नव्वदनंतर मनोहरने मोठं घर घ्यायचं ठरवलं. या वेळी पाटी दात्यांच्या दारात लागली. त्याच संध्याकाळी केन दारात हजर, चेहरा लालबुंद. “मनोहर, तुम्ही जाऊच शकत नाही! आमच्या शेजारी कोण येईल? कोणीही येऊ शकेल!”

मनोहर म्हणाला, “घाबरू नकोस केन. चांगलेच लोक येतील. कदाचित इंग्लिशसुद्धा येतील.”

“दॅट्स व्हॉट आय ॲम अफ्रेड ऑफ!” केन ओरडला.

* * *

माझ्या सासूबाई साताऱ्याहून आल्या होत्या. नऊवारी, ठसठशीत कुंकू, वर माझा जाड ओव्हरकोट. मी, त्या आणि माझी मुलगी मीता, तेव्हा नऊ-दहा वर्षांची, बसने घरी निघालो होतो. 

टाळकं तासलेला एक तरुण मागच्या सीटवरून उठला आणि सासूबाईंच्या तोंडासमोर येऊन ओरडला, “गो होम!” आणखीही काही म्हणाला, ते लिहिण्यासारखं नाही. मी मीताला जवळ ओढलं. त्या वर्षांत अशा पोरांनी कोणाकोणाला काय केलं होतं ते आम्ही सगळे जाणून होतो. बसमधले लोक खिडकीबाहेर बघायला लागले.

सासूबाईंनी शांतपणे मीताला विचारलं, “काय म्हणतोय गं हा?”

मीताचं मराठी म्हणजे आनंद! ती घाबरत घाबरत म्हणाली, “आजी, तो म्हणते, घरी जा.”

“मग तिकडेच तर चाललोय!” सासूबाई त्याच्याकडे बघून म्हणाल्या. “त्याला म्हणावं, पुढच्या स्टॉपला उतरणार आम्ही. आणि तू रे बाळा, तुझं घर कुठे? काळोख पडायला लागला. आई वाट बघत असेल, तूही जा!”

मीताने हे सगळं इमानेइतबारे, मोठ्या आवाजात इंग्लिशमध्ये सांगितलं. “शी सेज, युअर मम विल बी वरिड.”

आधी एक म्हातारी फिस्सकन हसली. मग सगळी बस! पोराची कानशिलं लाल झाली. त्याने मूठ आवळली, आणि तेवढ्यात बस करकचून थांबली. ड्रायव्हर उठून मागे आला. जमैकाचा, दारात मावणार नाही एवढा धिप्पाड माणूस.

“द लेडी इज गोइंग होम नेक्स्ट स्टॉप,” तो म्हणाला. “यू आर गोइंग धिस वन!”

पोरगा उतरला. ड्रायव्हरने सासूबाईंना टोपी काढून सलाम केला. त्या मला म्हणाल्या, “किती गं सालस माणसं तुमच्याकडे!”

* * *

हा अगदी छोटा. मनोहर म्हाताऱ्यांचा डॉक्टर. त्याच्या वॉर्डात मिस्टर बार्लो म्हणून एक जुने खाणकामगार होते. पहिल्या वेळी ॲडमिट झाले तेव्हा त्यांनी मनोहरला हातसुद्धा लावू दिला नाही. “मला फॉरिनर नको!”

मनोहर म्हणाला, “ठीक आहे. इंग्लिश डॉक्टर सुट्टीवर आहेत, पंधरा दिवसांनी येतील. तोवर खोकत राहा.”

तासाभराने बार्लोंनी स्वतःच शर्टाची बटणं काढली.

पुढे दर हिवाळ्यात ते यायचे. एकदा मनोहर रजेवर होता आणि त्याच्या जागेवर स्कॉटलंडमधल्या ग्लासगोचा नवा डॉक्टर, सोनेरी केस, निळे डोळे. बार्लोंनी त्याचं बोलणं पाच मिनिटं ऐकलं आणि सिस्टरला हाक मारली.

“धिस फॉरिनर! एक अक्षर कळत नाही त्याचं. गेट मी माय ओन डॉक्टर. गेट मी दाते!”

* * *

आता मनोहर म्हाताऱ्यांच्या वॉर्डात कसा गेला तेही सांगते. त्याला व्हायचं होतं हार्ट सर्जन. हात सोन्यासारखा. पण त्याच्या बॉसने त्याला बोलावून प्रेमाने सांगितलं, “दाते, ते राहू दे. तू जेरियाट्रिक्समध्ये जा. तुम्हा लोकांना वडीलधाऱ्यांचा आदर असतो ना!”

म्हणजे जिथे गोरे डॉक्टर जायला तयार नव्हते तिथे. गावाबाहेरची काळपट इमारत, पलंगाला पलंग, आणि रोगी बरे होतील अशी कोणाची अपेक्षाच नाही. त्या दिवशी विमलसमोर मनोहर रडला होता, हे तिनेच मला सांगितलंय.

पण गडी चिवट! त्याने पलंग कमी केले, फिजिओथेरपिस्ट भांडून भांडून आणले, झोपून राहिलेल्यांना उभं केलं, उभे राहिलेल्यांना चालवलं. ऐंशीचं दशक संपेपर्यंत कार्डिफहून, साउथहॅम्प्टनहून डॉक्टर त्याचं काम बघायला यायला लागले.

आणि नव्वदनंतर एके दिवशी तेच बॉस ॲडमिट झाले. रिटायर झालेले, अर्धांगाचा झटका, उजवी बाजू लुळी. त्यांच्या मुलीने चौकशी केली होती, सगळ्यात चांगला वॉर्ड कुठला? सगळ्यांनी एकच नाव सांगितलं.

मनोहर राउंडला आला. म्हाताऱ्याने ओळखलं. तोंड वाकडं झालेलं, शब्द फुटेना. मोठ्या कष्टाने म्हणाले, “दाते… यू वॉन्टेड हार्ट्स.”

“येस सर,” मनोहर म्हणाला. “पण आम्हाला वडीलधाऱ्यांचा आदर असतो ना! उद्यापासून चालायचंय. लवकर उठा.”

आणि चालवलं त्यांना! जाताना स्वतःच्या पायांनी, काठी टेकत गाडीपर्यंत गेले. गाडीपाशी थांबून म्हणाले, “मी तुझ्यावर अन्याय केला.”

“केलात, सर,” मनोहर म्हणाला. मग त्याने दार उघडून धरलं. “जपून. डोकं सांभाळा.”

* * *

विमल इथल्या शाळेत गणित शिकवायची. नव्वदनंतर ती मॅजिस्ट्रेट झाली. इथे मॅजिस्ट्रेट म्हणजे पगारी न्यायाधीश नव्हे. गावातलीच तिघं शहाणी माणसं एकत्र बसून लहानसहान खटले निकाली काढतात. काही वर्षांनी मधल्या मानाच्या खुर्चीवर विमल बसायला लागली. कोर्टात जाताना कायम साडी. “शाळेत नेसते, मग कोर्टाने काय घोडं मारलंय?”

एका सकाळी ती कॉरिडॉरमधून चालली होती. समोरून एक नवा वकील, नुकताच लंडनहून आलेला. साडी बघून त्याने तिला अडवलं आणि सावकाश, मोठ्याने, एकेक शब्द सुटा करत म्हणाला, “फॅमिलीज - वेट - ओव्हर - देअर, लव्ह! इंटरप्रिटर येईल हं आत्ता!”

विमल म्हणाली, “थँक यू,” आणि पुढे गेली.

पाच मिनिटांनी पुकारा झाला, “ऑल राइज!” सगळे उठले. वकीलही उठला. मागच्या दारातून विमल आली आणि मधल्या खुर्चीवर बसली. वकिलाच्या हातातल्या फायली धाडकन खाली!

तो गोळा करीपर्यंत विमल थांबली. मग गोड आवाजात म्हणाली, “टेक युअर टाइम. आणि इंटरप्रिटर लागला तर जरूर सांगा.”

केस मात्र त्याच्याच बाजूने लागली. आम्ही तिला चिडवलं तर म्हणाली, “अगं, त्याच्या अशिलाचा काय दोष?”

* * *

मनोहरच्या रिटायरमेंटनंतरचा रविवार. विमलने सगळ्यांना जेवायला बोलावलं होतं. त्यांचा मुलगा अजित, सून हेलन आणि सहा वर्षांची नात रिया आली होती. जेवणं झाली, आणि हेलननेच विषय काढला. “बाबा, तुम्ही पहिल्यांदा आलात तेव्हा कुठे राहात होता?”

मनोहर रंगात आला. म्हणाला, “राहणार कुठे? आधी खोली तर मिळायला हवी! मी फोन करायचो. माझं इंग्लिश चांगलं, तेव्हा फोनवर सगळे म्हणायचे, ‘डू कम, डॉक्टर!’ आम्ही जायचो. दार उघडायचं, आमची तोंडं दिसायची, आणि खोली आत्ताच, या मिनिटाला, गेलेली असायची! एका ठिकाणी तर खिडकीतच पुठ्ठा लावलेला, ‘नो कलर्ड्स’. विमलला दिवस गेलेले, पाऊस धो धो. ती म्हणाली, ‘अहो, निदान हे बरं, बेल तरी वाजवायला नको!’”

आम्ही जुने सगळे हसलो. हेलन हसली नाही. तिचे डोळे भरले होते. ती विमलचा हात धरून बसली.

गालिच्यावर रिया फेल्ट पेन पसरून चित्र काढत होती. तिने मान वर केली. “व्हॉट्स कलर्ड्स?”

अजितने घसा खाकरला. शेवटी मनोहरच म्हणाला, “कलर्ड्स म्हणजे आम्ही, बाळा. मी आणि आजी.”

रियाने आजोबांकडे नीट बघितलं. मग आजीकडे. मग पुन्हा आजोबांकडे. मग सगळी फेल्ट पेनं गोळा करून, मूठभरून, ती त्याच्या खुर्चीपाशी आली.

“आजोबा,” ती म्हणाली, “तेव्हा तुम्ही कुठली कलर होती?”

आणि पेनं त्याच्या मांडीवर ओतली. “दाखव ना!”