दोन गाड्यांमधला शांताराम

मस्कतच्या अल खौद भागात कॉलेजच्या मागच्या रस्त्यावर एक कॉफी शॉप होतं. नाव कॉफी शॉप, पण कॉफी तिथे सहसा कुणी मागत नसे. मागायचा तो करक चहा, दाट आणि वेलचीचा, आणि तोही दुकानात बसून नव्हे. गाडी दुकानासमोर उभी करायची, एसी चालू ठेवायचा, हॉर्न द्यायचा आणि वाट बघायची. मग आतून शांताराम यायचा.

शांताराम कुडाळकडचा. पन्नाशी उलटलेला, काटकुळा, आणि ट्रे असा धरणारा, की जणू पालखीच निघाली आहे. मस्कतला आल्यावर पहिली बरीच वर्षं त्याने आत पराठ्याच्या तव्यासमोर काढली होती. "तव्यासमोर उभ्या माणसाक काय दिसता? भिंत. आणि भिंतीवरचा तेल," असं तो सांगे. बाहेर आल्यापासून त्याला माणसं दिसू लागली. उन्हाळ्यात बाहेर डांबर वितळायचं, तरी तो खूश होता. कुणाला साखर कमी, कुणाची बायको बाळंतपणाला गावी गेली आहे, कुणाच्या मुलाचं गणित कच्चं आहे, हे सगळं त्याला अर्ध्या उतरलेल्या काचेतून कळायचं.

फुटबॉल मात्र त्याला कळत नव्हता. त्याच्या गावात कबड्डी. बावीस माणसं एका चेंडूमागे धावतात आणि तो मिळाला की लगेच लाथ मारून घालवतात, यात एवढं भांडण्यासारखं काय, हे त्याला कधीच उमगलं नाही. पण त्या वर्षी, म्हणजे दोन हजार चौदा साली, त्याच्या सगळ्या गिऱ्हाइकांना दुसरा विषयच नव्हता. कॉलेजने फुटबॉलच्या टीमचा कोच बदलला होता.

जुना कोच खमीस, ओमानी, किनाऱ्यावरच्या सहम गावचा. समुद्राच्या वाळूत अनवाणी खेळून मोठा झालेला. सराव संपला की पोरांना खजूर खिलवायचा, आणि सामना हरला की पोरांच्या आधी स्वतः रडायचा. नवा कोच फेबियन, वसईचा. गळ्यात शिट्टी, काखेत लॅपटॉप. तो पोरांना मैदानावर कमी आणि पडद्यासमोर जास्त बसवायचा. खमीस आपल्या शेतावर परत गेला आणि इकडे कॉलेजची दोन शकलं झाली.

खमीसवाल्यांचा पुढारी फ्रेडरिक, कॉलेजच्या प्रयोगशाळेचा स्टोअरकीपर. तोही वसईचाच, म्हणून शांतारामने पहिल्याच दिवशी अभिनंदन केलं.

"साहेब, तुमच्या गावचो माणूस कोच झालो. केक खंय आसा?"

"माझ्या गावचा?" फ्रेडरिक काचेतून जवळजवळ बाहेरच आला. "अरे, तो पलीकडच्या धर्मग्रामातला, दुसऱ्या चर्चचा! त्यांनी आम्हाला फायनलला पाडलं, तेव्हा हाच हाफबॅक होता. नुसत्या तंगड्या मारत होता. आणि रेफ्री कोण? त्याचा सख्खा मामा!"

फेबियनवाल्यांचा पुढारी धनंजय, पुण्याचा, गणिताचा व्याख्याता. त्याने जन्मात चेंडूला पाय लावला नव्हता, पण फेबियनच्या तक्त्यांवर त्याचा जीव जडला होता. हे दोघं एकाच इमारतीत राहायचे आणि आजवर एकाच गाडीतून चहाला यायचे. कोच बदलल्यावर गाड्या दोन झाल्या. फ्रेडरिकची लाँड्रीसमोर, धनंजयची पलीकडे टायरवाल्याजवळ. दोघांच्याही मागच्या सीटवर कॉलेजची चार-पाच पोरं कोंबलेली. फोनवर दोघांनी एकमेकांना ब्लॉक केलं होतं. मग बोलणार कसं? न बोलून तर चालणार नव्हतं, कारण भांडायचं होतं. म्हणून चहाबरोबर निरोपही शांतारामच जाऊ लागला.

सुरुवातीला तो निरोप जसेच्या तसे पोचवायचा. परिणाम असा झाला, की एका संध्याकाळी धनंजयच्या गाडीतल्या पोराने भरलेला कप फ्रेडरिकच्या काचेवर रिकामा केला, फ्रेडरिकच्या पोराने त्याची कॉलर धरली, आणि लाँड्रीवाला आपली पांढरी चादर दाखवत अर्बाबकडे आला. अर्बाब म्हणजे दुकानाचा ओमानी मालक. भला, जाडजूड, कमी बोलणारा. त्याने चादरीवरचा डाग पाहिला आणि शांतारामला जवळ बोलावलं.

"एक बार और झगडा," तो म्हणाला, "खलास. बाहर बंद. शांताराम किचन."

शांतारामच्या डोळ्यांपुढे ती तेलकट भिंत उभी राहिली. त्याने घरी बायकोला, जयवंतीला फोन लावला.

"तुमी निरोप जसोच्या तसो सांगतास?" ती चकितच झाली. "माझी सासू नि चुलतसासू एका पडवीत ऱ्हवान बोलत नव्हत्यो. मधी मी होतंय. ही म्हणायची, तिका सांग, तुझ्या आमटीक चव नाय. मी जावन सांगायचंय, काकी, आई इचारता, आमटीक काय घातलास? दोघी मरेपर्यंत भांडल्यो नाय."

शांतारामला वाट सापडली.

दुसऱ्या दिवशी फ्रेडरिकने निरोप दिला. "त्या धन्याला सांग, तुझा फेबियन लॅपटॉप उघडतो तेव्हा पोरं झोपतात, आणि बंद करतो तेव्हा आपल्यावर दोन गोल झालेले असतात."

रस्ता ओलांडता ओलांडता शांतारामने निरोप गाळून घेतला. "फ्रेडरिकसाहेब म्हणतत, फेबियन सरांचो अभ्यास दांडगो."

धनंजय चहाचा घोट घ्यायचा विसरला. "फ्रेडी असं म्हणाला?"

"अगदी असाच."

धनंजयने कप डॅशबोर्डवर ठेवला. मग म्हणाला, "बरं, त्याला सांग, खमीसच्या काळात टीम म्हणजे मेंढरांचा कळप होता. पण एक आहे, मेंढरांना जिगर होती."

शांतारामने मेंढरं टायरवाल्याकडेच ठेवली आणि जिगर तेवढी पलीकडे नेली.

आता सज्जनपणाही सर्दीसारखाच, एकाला झाला की शेजाऱ्याला होतो. समोरचा एवढ्या मोठ्या मनाने बोलतोय म्हटल्यावर आपणच कसं कोतं राहायचं? फ्रेडरिकने कबूल केलं, की फेबियनने बचाव सुधारलाय. धनंजयने कबूल केलं, की तक्त्यात पोरांची हिंमत मांडता येत नाही. गाळायला हळूहळू काही उरेना. कुठे चहा सांडला नाही, कुणाची कॉलर कुणी धरली नाही. अर्बाब दारात उभा राहून मिशीतल्या मिशीत हसायचा. शांतारामने जयवंतीला कळवलं, की तिची आमटी मस्कतलाही चालली.

पण त्याचं एक चुकलं. थांबायचं कुठे, ते त्याला कळलं नाही. गाळायला काही उरलं नाही, तरी तो प्रत्येक निरोपात साखर घालतच राहिला.

टीम एक सामना वाईट हरली, त्या संध्याकाळी तो धनंजयच्या गाडीशी गेला. धनंजय तापलेला होता. "फ्रेडीला सांग, खमीस असता तर हे झालं नसतं! लॅपटॉप घेऊन कुणी लढाईला जातं का?"

शांताराम चमकला. हे तर फ्रेडरिकचं बोलणं! तो तसाच लाँड्रीकडे गेला. फ्रेडरिकही तापलेलाच.

"धन्याला सांग, फेबियनला जरा वेळ द्या! एका सामन्यात काय होतं? हा माणूस रात्र रात्र अभ्यास करतो. आमच्या वसईचं पाणी आहे ते!"

ट्रे घेऊन शांताराम रस्त्याच्या मधोमध उभा राहिला. दोघांनी चालता चालता एकमेकांची घरं बदलली होती, आणि भांडण पहिल्यासारखंच होतं, उलट जास्तच कडक. नवा मुसलमान सात वेळा नमाज पढतो, तशातली गत. आता मऊ करून तरी काय सांगायचं, आणि कुणाच्या बाजूने? मागून एका गाडीने हॉर्न दिला. तो हलला नाही.

निरोप येईना, तेव्हा दोन्ही गाड्यांची दारं एकदमच उघडली.

"काय रे फ्रेडी, तोंड लपवून बसलास? खमीस देवमाणूस, हे तूच ना म्हणायचास?"

"आणि तू? तक्ते, तक्ते करत होतास, आता काय झालं?"

"मी सुधारलो. तू एवढ्या मोठ्या मनाने फेबियनच्या अभ्यासाचं कौतुक केलंस, म्हणून मीही..."

"मी? कौतुक? त्या तंगडीमाऱ्याचं? मेलो तरी करणार नाही!" आणि मग फ्रेडरिकला आठवलं, की गेला आठवडाभर आपण दुसरं काही केलेलं नाही. "अरे, पण तूच आधी म्हणालास ना, खमीसच्या पोरांना जिगर होती?"

"मेंढरं म्हणालो होतो मी."

दोघंही थांबले. दोघांनीही मान वळवली. पोरं खाली उतरून भोवती जमली.

"शांताराम," फ्रेडरिक हळू आवाजात म्हणाला, "महिनाभर तू काय पोचवत होतास?"

"चाय," शांताराम म्हणाला.

"आणि?"

"आणि जा पोचवण्यासारख्या होता, ता."

"म्हणजे तू आमच्या तोंडी वाटेल ते घातलंस?" धनंजय ओरडला. "तुझ्या नादाने मी पक्ष बदलला! वर्गात पोरांना काय तोंड दाखवू?"

"तुझं सोड! मी त्या माणसाची वकिली केली, ज्याच्या मामाने..."

आवाज चढले तशी लाँड्रीवाल्याने चादरी आत ओढल्या. दारात अर्बाब दिसला. तो सावकाश रस्ता ओलांडून आला. शांतारामने ट्रे छातीशी धरला.

"झगडा?" अर्बाबने विचारलं. "शांताराम, किचन?"

फ्रेडरिक आणि धनंजयने एकमेकांकडे पाहिलं. शांताराम आत गेला, तर उद्या भांडायचं कुणाच्या तोंडून? दोघांनी कुणी न शिकवता एका सुरात, काही अडचण नाही अशा अर्थाचं तिथलं अरबी म्हटलं, "माफी मुश्किल, अर्बाब! झगडा नाही!"

"फिर चिल्लाता क्यूं?"

"फुटबॉल," धनंजय म्हणाला. "कोच. खमीस अच्छा या फेबियन अच्छा?"

"खमीस?" अर्बाबच्या भुवया वर गेल्या. "सहमवाला? वो मेरा चाचा का लडका." अर्बाबने थोडा विचार केला आणि निकाल दिला, "आदमी बहोत अच्छा. कोच, सिफर."

"सिफर?" फ्रेडरिक एकदम पुढे आला. आठवडाभराची वकिली गळून पडली. "अर्बाब, माफ करा, पण तुम्हाला फुटबॉलमधलं काय कळतं?"

"शून्य कसा? जिगर कोणी दिली पोरांना?" धनंजयही त्याच्या खांद्याला खांदा लावून उभा राहिला.

"जिगर!" अर्बाब गरजला. "बचपन में मेरे साथ खेलता था. पेनल्टी मारा, बॉल समुंदर में गया! आज तक नहीं मिला!"

आणि तो कमी बोलणारा माणूस जो सुटला, तो थांबेना. खमीसच्या लहानपणापासूनच्या चुका त्याला पाठ होत्या. फ्रेडरिक, धनंजय आणि पोरं एका बाजूला, अर्बाब एकटा दुसऱ्या बाजूला. लाँड्रीवाला खुर्ची घेऊन आला, पण अर्बाब बसेना, कारण बसून ओरडता येत नव्हतं. शांतारामने ट्रे छातीपासून दूर केला. ज्याने भांडण बंद करायचं तोच त्यात कमरेपर्यंत उतरला होता. किचनचं नाव आता कोण काढणार? त्याने आत जाऊन न सांगता सगळ्यांसाठी चहा भरला.

तो परत आला तेव्हा पलीकडे एक नवीन गाडी थांबून हॉर्न देत होती. काच खाली झाली. आतल्या म्हाताऱ्या ओमानी गृहस्थाने विचारलं, की कसला गोंधळ आहे, आणि खमीसबद्दल कोण वाईट बोलतंय? खमीससारखा कोच या देशात झाला नाही.

शांतारामने हे अर्बाबला सांगितलं. अर्बाबने चहाचा घोट घेतला, मिशा पुसल्या आणि मोठ्याने निरोप दिला. त्यात त्या गृहस्थाच्या अकलेचा, गाडीचा आणि त्याच्या बकऱ्यांचा उल्लेख होता.

"तसोच्या तसो सांगू?" शांतारामने विचारलं.

"तसाच्या तसा!" फ्रेडरिक आणि धनंजय ओरडले.

शांताराम ट्रे उचलून निघाला. रस्ता अरुंद होता, चार पावलांचा. तेवढ्यात त्याने बकऱ्या तेवढ्या गाळल्या.