आभार मानू नकोस

सुल्माचं नाव काढलं की लोकांना आमची वसाहत आठवते. मला हातोडा आठवतो.

सुल्मा मोन्तेविदेओ शहरातल्या एका शाळेत स्वयंपाकीण. निबिया तिची शाळेपासूनची मैत्रीण, शिवणकाम करणारी. दोघींना घरमालकानं बाहेर काढलं, तेव्हा शाळेच्या स्वयंपाकघरामागे बसून त्यांनी ठरवलं, आपली घरं आपणच बांधायची. मग त्यात मला ओढलं, माझ्या नवऱ्याला, त्याच्या मित्रांना. जमीन आणि कर्ज सरकारचं, घाम आमचा. नियम मात्र कडक. कुणाचं घर कोणतं, ते शेवटचं दार बसल्यावर चिठ्ठ्या काढून ठरणार. त्यामुळे स्वतःच्या भिंतीला सिमेंट आणि शेजाऱ्याच्या भिंतीला नुसती वाळू, असली लबाडी करायची सोयच नव्हती.

कोपऱ्यावरच्या घराची एक अख्खी भिंत निबियानं एकटीनं उभारली. आयुष्यातली पहिली. बाई इतकी खूश, की दिसेल त्याला हात धरून दाखवायला न्यायची. मग आम्हाला शिकवणाऱ्या एल्बियो गवंड्यानं ओळंबा लावला. भिंत बाहेर झुकली होती.

"गिलाव्यात झाकून जाईल," एल्बियो हळूच म्हणाला.

सुल्मानं निबियाकडे पाहिलं. "इथे तुझी लेक झोपणार असती तर?"

"झोपली असती की! घोरत!"

आम्ही सगळे हसलो. सुल्मानं हातोडा उचलला आणि सगळ्यांदेखत पहिला घाव घातला. झुरळ दिसलं तरी किंचाळणारी ही बाई! विटा पडत होत्या आणि निबिया एकेक पडताना बघत होती. मला सुल्माचा भयंकर राग आला. पाडायची तर पाड, पण निदान ती घरी गेल्यावर पाड ना!

काम थांबलं की 'माते' नावाच्या आमच्याकडच्या पेयाचा तुंबा फिरायचा. कडू पाल्यावर गरम पाणी ओतायची सुल्मा, एकाच नळीनं प्यायचे सगळे, आणि दरवेळी तुंबा परत तिच्या हातात. निबियाची पाळी आली. तिनं शांतपणे संपवला, परत दिला आणि म्हणाली, "आभारी आहे."

आमच्याकडे तुंबा परत देताना आभार मानले, की त्याचा अर्थ एकच. आता तुझ्या हातचं नको. पोट भरल्यावर सगळेच म्हणतात, पण पहिल्याच फेरीला? आणि निबियानं? सुल्माच्या हातातलं पाणी तिच्याच बोटांवर सांडलं, तरी तिला कळलं नाही.

ती भिंत निबियानं पुन्हा बांधली, कुणाला हात लावू दिला नाही. सुल्माशी मात्र अबोला. साखळीत उभ्या राहून विटा एकमेकींच्या हातात द्यायच्या, पण नजर वर नाही. सुल्मा वाळत चालली.

"माफी माग गं बाई," मी म्हटलं.

"कशाची? भिंत वाकडी होती."

"भिंतीचं कोण बोलतंय? सगळ्यांसमोर केलंस त्याची."

"कळतं गं मला. पण ती समोर आली की जीभ उचलत नाही."

घरं उभी राहायला वर्षं गेली. चिठ्ठ्यांच्या दिवशी सुल्मानं शाळेतलं मोठं पातेलं आणलं होतं. तिनं हात घातला, चिठ्ठी उघडली आणि पांढरीफटक पडली. वाचेचना. शेवटी मी ती हातातून घेतली आणि वाचली. कोपऱ्यावरचं घर. निबिया उठली आणि कुणाकडे न बघता निघून गेली. सुल्मा मटकन खाली बसली.

संध्याकाळी मीच तिला हाताला धरून त्या घरात नेलं. तिनं भिंतीवर तळवा ठेवला, मग गाल टेकला. भिंत सरळसोट होती.

"आधी माहीत असतं ना तुझं घर आहे," मागून आवाज आला, "तर मुद्दाम वाकडी बांधली असती. तुझ्या डोक्यावर पडेल अशी."

दारात निबिया होती. काखेत थर्मास, हातात तुंबा.

"सगळ्यांसमोर नव्हती गं पाडायला पाहिजे," सुल्मा कशीबशी म्हणाली.

"नव्हतीच."

निबिया जमिनीवर बसली, पाणी ओतलं आणि तुंबा तिच्यापुढे धरला. सुल्मा रडत रडत प्यायली. तुंबा परत देताना ती इतकी गहिवरली होती, की नको तो शब्द तिच्या ओठांवर आलाच.

"आभा..."

निबियानं झडप घालून तिचं तोंड दाबलं. "खबरदार आभार मानलेस तर!"

आणि तुंबा हिसकावून घेऊन तिनं तो पुन्हा भरला.