कोपरभर पाणी

पिंपळघाटच्या केवळाबाईंना पाण्याचं माप विचारलं की त्या आपला उजवा हात पुढे करत. मीटर, फूट, ब्रास असली मापं मुदखेडच्या कचेरीत. गोदावरी आटली की गावातल्या बाया वाळूत झिरे उकरत, हातानं खणलेले छोटे खड्डे, आणि वाटीवाटीनं घागरी भरत. होळीला मनगटाशी पाणी लागे, अक्षय तृतीयेला कोपराशी, आणि एखाद्या वाईट साली मृगाच्या तोंडावर दंडाच्या अर्ध्यापर्यंत हात घालावा लागे. त्याच्या खाली पाणी गेल्याचं केवळाबाईंनी पाहिलं नव्हतं, त्यांच्या सासूनंही नाही. झिऱ्याची पहिली गढूळ वाटी फेकायची आणि मग भरायला लागायचं, हा गावचा रिवाज.

त्याच हातानं त्यांनी एक लेकरूही काढलं होतं. त्र्याण्णवच्या भूकंपात तेरणाकाठचं त्यांचं माहेर बसलं. दगडमातीच्या रुंद भिंती, वर माळवदाची माती. झोपेतल्या माणसांना उठायलाही सवड मिळाली नाही. केवळाबाई आणि त्यांचे यजमान हणमंतराव मिळेल त्या गाडीनं दुसऱ्या दिवशी पोचले. भावाचं घर ओळखलं ते निळ्या दाराच्या फळीवरून. जवान दगड उचलत होते, तेवढ्यात एका फटीतून बारीक रडणं ऐकू आलं. जवानांचे रुंद हात आत जाईनात. केवळाबाई पालथ्या पडल्या, हात खांद्यापर्यंत घातला, आणि बोटांना एक पाऊल लागलं. गरम होतं. भावाचा तीन वर्षांचा हरिओम तेवढा वाचला; त्याचे आईबाप नाही वाचले.

केवळाबाईंना मूलबाळ नव्हतं. बाया म्हणायच्या, "आता तरी माय म्हनायला शिकीव की त्याला." केवळाबाई म्हणायच्या, "त्याची माय हाय. मातीखाली गेली म्हनून काय परकी झाली? मी आपली आत्तीच बरी." मेलेल्या भावजयीचा मान ठेवावा तो या बाईनं. चोवीस वर्षं त्या मुलासाठी खस्ता काढल्या, पण 'माझा लेक' हा शब्द एकदाही तोंडातून निघू दिला नाही.

हरिओम दहावीला ब्याण्णव टक्क्यांनी पास झाला आणि गावानं परस्पर ठरवून टाकलं की हा डॉक्टर होणार. हुशार पोराला मराठवाड्यात तेव्हा दोनच वाटा दिसत, लातूर नाहीतर नांदेड. केवळाबाईंनी हणमंतरावांना जावेच्या चुलीवर सोपवलं आणि लातूरला एका खोलीत तीन वर्षं काढली. पोरगा पहाटे क्लासला जाई, दुपारी दुसऱ्या क्लासला, आणि त्या स्टोव्हपाशी बसून भाकऱ्या थापत. गल्लीतल्या सगळ्या खोल्यांत अशाच आया, आत्या, आज्या होत्या. नळाला आठ-आठ दिवस पाणी नसे. साठवलेल्या पाण्याला पिंपाचा वास येई आणि केवळाबाईंना झिऱ्याची आठवण येई. एवढं करून हरिओमला दोन्ही वेळा थोडक्यात गुण कमी पडले. तो भिंतीकडे तोंड करून पडून राहिला तेव्हा केवळाबाईच त्याला म्हणाल्या, "ऊठ. डॉक्टर न्हाई झालास तर जग बुडतंय का?"

मग तो नांदेडला भूगर्भशास्त्र शिकला. "म्हंजी जमीन का हालती ते शिकनार?" त्यांनी विचारलं. तो "हाव" म्हणाला, आणि केवळाबाईंचा ऊर भरून आला.

दोन हजार सतराच्या मे महिन्यात तो गावात आला तो जीपमधून. एका खाजगी कंपनीत लागला होता आणि वाळूघाटांचे अहवाल करत होता. हातात छापील पुस्तिका होती. ती त्यानं पारावर वाचून दाखवली. दिल्लीच्या सरकारनं आदल्या वर्षी वाळूसाठी नवी तत्त्वं काढली होती. नदीला जेवढी वाळू भरून काढता येईल तेवढीच उचलायची, तीन मीटर किंवा पाण्याची पातळी यातलं जे आधी लागेल तिथं थांबायचं, आधी मोजायचं आणि मगच परवानगी द्यायची. केवळाबाई पदर तोंडाशी धरून ऐकत होत्या. पाण्याला हात लावायचा नाही असं दिल्लीत बसून कुणीतरी लिहून ठेवलंय, याचंच त्यांना अप्रूप वाटलं. लिहिलेलं खोटं नव्हतंच. पुस्तिकेतला शब्दन् शब्द खरा होता, हे नंतर फार टोचलं.

"आत्ती, झिरा काढून दाव," हरिओम म्हणाला. "पानी किती खाली हाय ते लिहायचं हाय."

त्या हौसेनं नदीत उतरल्या. पात्राच्या सखल भागात त्यांनी उकरलं, बरोबर कोपराशी पाणी लागलं. हरिओमनं फोटो काढला. मग तो जरा लांब, वाळूच्या उंच दांडाकडे बोट दाखवून म्हणाला, "आता तिथं बी एक उकर. कोरडं कुठं लागतं ते बी दावावं लागतं." केवळाबाई हसल्या. "आरं खुळ्या, उंचावर कुठलं पानी?" पण उकरलं. हात खांद्यापर्यंत घातला आणि मूठभर कोरडी वाळू काढून त्याच्यापुढे धरली. हसत. त्याचाही फोटो निघाला. त्यानं एका कागदावर सही मागितली. पन्नाशीत शिकलेली सही त्यांनी जपून, एकेक अक्षर जोडून केली.

वाळूच्या लिलावाला ग्रामसभेची मंजुरी लागते, आणि ग्रामसभेच्या आधी बायांची सभा बसते. पावसाळ्यात ती शाळेत भरली. ग्रामसेवकानं ठराव वाचला, पण एकीचाही हात वर होईना. शांतम्मा उठली. ती तेलंगणातून या गावात सून होऊन आलेली, केवळाबाईंची चाळीस वर्षांची पाणी भरायची सोबतीण. "अक्का, पुस्तक दिल्लीला हाय. नदीत कोन बसनार हाय राखन करत?"

केवळाबाईंना ते लागलं. "माझ्या हरिओमनं मोजलंय," त्या म्हणाल्या. "माझा हात घालून मोजलंय. कोपराच्या खाली कुनी जानार न्हाई. माझ्या हातावर भरवसा न्हाई का तुझा?"

शांतम्मा खाली बसली. मग एकेक करत सगळे हात वर झाले. शेवटचा शांतम्माचा होता.

संक्रांत झाली आणि लिलाव घेतलेल्या ठेकेदाराची यंत्रं नदीत उतरली. पहिले चार दिवस टोपल्यांनी भरण्याचं नाटक झालं, मग लोखंडी सोंडा सरळ खाली गेल्या. खड्ड्यांत पाणी साचलं, ते मोटारी लावून उपसून खालची वाळू काढली. ओल्या वाळूच्या गाड्या रस्ताभर पाणी सांडत नांदेडकडे, लातूरकडे जात. तिकडं पोरांची वसतिगृहं उठत होती, मजल्यावर मजले. मार्चमध्ये सखल भागातले झिरे मनगटाला कोरडे, कोपराला कोरडे, दंडाला कोरडे. केवळाबाई वाळूत पालथ्या पडून खांद्यापर्यंत हात घालत आणि कोरडी मूठ घेऊन उठत. नळयोजनेच्या विहिरीनंही तळ दाखवला. शांतम्मा रिकामी घागर घेऊन शेजारून गेली तेव्हा एवढंच म्हणाली, "नीळ्ळु न्हाई, अक्का." पाणी नाही. टोमणा मारला असता तरी बरं झालं असतं.

केवळाबाई मुदखेडच्या कचेरीत गेल्या. ठेकेदारानं दिल्लीचा नियम मोडला, असं त्यांना सांगायचं होतं. कारकून भला होता. त्यानं फाईल काढली, पानं उलटली आणि म्हणाला, "आज्जी, नियम कुठं मोडला? हे बघा, पाण्याची पातळी साडेपाच मीटरवर दाखवलीय. तीन मीटरपर्यंत खोदायला मुभा आहे." आणि त्यानं पान त्यांच्याकडे फिरवलं.

पानावर त्या स्वतः होत्या. वाळूच्या दांडावर, खांद्यापर्यंत हात खड्ड्यात, तोंडभर हसू. खाली लिहिलं होतं, 'स्थानिक महिलेने खणून दाखवले असता पाणी आढळले नाही.' त्याखाली त्यांची सही, एकेक अक्षर जोडलेली. कोपराचा फोटो फाईलमध्ये कुठंच नव्हता. अहवाल करणाऱ्याचं नाव शेवटी होतं, शिक्क्यासकट. केसानं गळा कापतात तो असा.

त्यांनी तक्रार लिहिली नाही. कारकुनाला "येते" म्हणाल्या आणि थेट लातूरची गाडी धरली; हरिओम आता तिथंच राहायचा. मन मानत नव्हतं. ठेकेदारानं पान बदललं असेल, पोराला ठाऊकही नसेल, अशी समजूत त्या वाटभर घालत राहिल्या.

हरिओम नव्या बांधकामावर भेटला. क्लासच्या मुलांसाठी तो खोल्या बांधत होता, स्वतःच्या. तीन मजल्यांचा सांगाडा उभा होता आणि दारात वाळूचा ढीग होता, सकाळीच पडलेला. त्यानं लगबगीनं खुर्ची दिली, बाटलीतलं पाणी पुढे केलं. केवळाबाई बसल्या नाहीत. ढिगापाशी गेल्या, पदर खोचला आणि हात आत घातला. कोपरापर्यंत गेला. मूठ बाहेर काढली तर बोटांतून पाणी ठिबकत होतं.

"ह्यात पानी हाय, हरिओम," त्या म्हणाल्या. "तू तर न्हाई म्हनून लिवलंस."

त्यानं मान खाली घातली. मग म्हणाला, "आत्ती, मी खोटं काय लिहिलं? तिथं पानी नव्हतंच, साडेपाच मीटर दांडाच्या माथ्यावरून मोजलं. कुठं मोजायचं ते पुस्तकात नसतंय, ते आमच्यावर असतंय."

"आन् सही? माझ्याच हाताची साक्ष काढलीस?"

"दुसऱ्या कुनावर गावानं इस्वास ठेवला नसता," तो बोलून गेला. आणि आपण काय बोललो हे कळून एकदम मोठ्या आवाजात म्हणाला, "माळवदाखाली माझी माय गेली, आत्ती! मला पक्कं घर पायजे. वाळू-सिमेटाचं. ह्यात एवढं काय वाईट हाय?"

केवळाबाईंना एक क्षण वाटलं, पोराला जवळ घ्यावं. तो भ्यालेलाच होता, तीन वर्षांचा असल्यापासून. पण त्यानं मेलेल्या आईला ढाल करून पुढे धरलं होतं, आणि ते त्यांना सोसवेना. ज्या बाईचा मान राखायला त्यांनी जन्मभर जीभ आवरली, तिलाच यानं एका वाळूच्या ढिगापुढे उभं केलं. त्यांनी मूठ उघडली, वाळू ढिगावर झटकली आणि पाणी न पिता निघाल्या.

दुसऱ्या दिवशी त्या पुन्हा मुदखेडच्या कचेरीत होत्या. सोबत शांतम्मा होती. घरी जाऊन सगळं आधी तिलाच सांगितलं होतं, काहीही लपवलं नव्हतं. शांतम्मा रागावली होती, तरी आली. कारकुनानं कोरा कागद घेतला. केवळाबाईंनी सांगितलं ते त्यानं लिहून काढलं. दोन खड्डे, दोन फोटो, कोपर आणि खांदा.

"तक्रार कुणाविरुद्ध? ठेकेदाराविरुद्धच ना?"

"त्याच्या बी. आन् अहवाल करनाऱ्याच्या बी." त्यांनी हरिओमचं पूर्ण नाव सांगितलं, बापाच्या नावासकट. सांगताना नाव अर्धवट राहू दिलं नाही.

कारकुनानं पेन थांबवलं. "गुन्हा दाखल होऊ शकतो, आज्जी. नोकरी जाईल त्याची. ओळखीतलाच दिसतोय. तुमचा कोण लागतो?"

शांतम्मानं केवळाबाईंकडे पाहिलं. चोवीस वर्षं जे उत्तर पाठ होतं तेच येणार, असं तिला वाटलं.

"माझा लेक हाय," केवळाबाई म्हणाल्या. "लिवा."