डावा क्रँक

रविवारची दुपार आहे. साडेतीनचं ऊन खिडकीच्या गजांतून आत येऊन फरशीवर आडवं पडलंय, आणि त्याच्या शेजारी चटईवर संजीवनी बर्गे आडवी पडलीय. डोळे मिटायला लागलेत, पण राग टक्क जागा आहे. रागात झोप येत नाही असं लोक म्हणतात. संजीवनीला येते. फक्त दात आवळलेले राहतात, आणि उठल्यावर जबडा ठणकतो.

हाताच्या अंतरावर सायकल आहे. उलटी, सीट आणि हँडलवर टेकवलेली, चाकं वर. तीस वर्षांपूर्वीची लाल माउंटन सायकल, रंग जागोजागी उडालेला. ती तिच्या दादाची. जयवंत बर्गे, साताऱ्याच्या एमआयडीसीत लेथवर टर्नर. गेल्या वर्षी एका सकाळी खांद्यावर ही सायकल घेऊन तो तिच्या दारात उभा राहिला, म्हणाला, "हिला तुझ्या पायाजोगी करून देतो." तीन आठवडे कामावरून परस्पर येऊन खटपट केली. चौथ्या आठवड्यात, चहाचा कप हातात असताना, छातीत कळ आली आणि गेला. त्याला अकरा महिने झाले. माणूस गेला याचं दुःख तिने केलं, रीतसर केलं. पण काम अर्धं टाकून गेला, हे तिला अजून पचलेलं नाही.

पाय म्हणजे डावा गुडघा. संजीवनी भूमी अभिलेख खात्यात मोजणीदार. दोन वर्षांपूर्वी मोजणी चालू असताना पायाखालचा बांध ढासळला, ती ओढ्यातल्या दगडांवर पडली आणि गुडघ्याच्या वाटीचे तीन तुकडे झाले. आता तो गुडघा काटकोनाच्या अलीकडेच अडतो. साध्या सायकलवर पायडल वर आलं की पाय त्याच्याबरोबर वर जातच नाही. डॉक्टरांनी बजावलंय, हे वर्ष गुडघा फिरता ठेवा, नाहीतर तो कायमचा धरेल. ऑफिसने तर तो धरलाच असं समजून तिला शेतांवरून काढून टेबलाशी बसवलंय.

उपाय सोपा आहे. पायडल ज्या दांडीवर बसतं तो क्रँक. डावीकडचा क्रँक आखूड केला की पायडलचा फेरा लहान होतो, आणि जेवढा वाकतो तेवढ्या गुडघ्यात भागतं. दादानेच हे कागदावर काढून दाखवलं होतं. बाकी सगळं तिने एकटीने जमवलं. टायर कऱ्हाडहून आणले, उंच हँडल कोरेगावच्या भंगारातून शोधलं, ब्रेकची जोडी एका बंद पडलेल्या दुकानाच्या माळ्यावर मिळाली. डावा क्रँक मात्र मिळेना. जिथे जावं तिथे एकच उत्तर. जोडी मिळते, एकटा डावा मिळत नाही, आणि आखूड तर नाहीच नाही.

काल तर कहर झाला. एका सायकल दुकानदाराने तिचं बोलणं पुरतं ऐकलं नाही. तिच्या चालण्याकडे पाहिलं आणि म्हणाला, "मॅडम, अपंगांसाठी तीनचाकी मिळते. सरकारची योजना आहे. या वयात कशाला पडापड?"

ती तशीच बाहेर आली. आणि तेव्हापासून जे बोलायला हवं होतं ते मनात बोलतेय. त्याला एकदा, दोनदा, दहादा सुनावून झालंय. पंखा फिरतोय. बोलता बोलता शब्द घरंगळायला लागतात.

खर्र. खर्र.

कानशीचा आवाज आहे. लोखंडावर कानस चालतेय, सावकाश, एकाच दिशेने. ती डोळे उघडत नाही, तरी तिला दिसतंय. सायकलपाशी लाकडी स्टुलावर दादा बसलाय. खाकी शर्ट, बाह्या कोपरापर्यंत, नखांत काळं.

"दाराला कडी लावली होती मी," संजीवनी म्हणते.

"मला आता कडी आडवी येती व्हय?"

तो मेलेला आहे हे तिला ठाऊक आहे. त्याची राख तिने स्वतः पाहिलीय. पण भीती वाटायला मनात जागाच नाही, सगळी रागाने व्यापलीय.

"अकरा महिने झाले, दादा."

"व्हय."

"अर्धं काम टाकून गेलास. मी गावोगाव हिंडतेय त्या एका दांडीसाठी. लोक काय बोलतात ठाऊक आहे?"

दादा कानस थांबवतो. मान वर करत नाही. "काय बोलत्यात?"

"चल, ऐक तूच."

ती उठते. गुडघा उठताना कुरकुरतो, स्वप्नातसुद्धा. दार उघडलं की समोर कालचं दुकान आहे. आज ते लांबच्या लांब आहे, टोक दिसत नाही. भिंतीवर खिळ्यांना क्रँक लटकतायत, शेकडो, चकचकीत, आणि सगळे उजवे. काउंटर मात्र तिच्या ऑफिसातलं आहे, तीच सनमायका उडालेली कड. काउंटरमागे कालचा दुकानदार मोजणीचा नकाशा पसरून बसलाय.

"एकटा डावा नाही मिळत," तो वर न पाहता सांगतो.

"मी अजून मागितला कुठे?"

"तीनचाकी घ्या. इथे सही करा."

"मी कशासाठी आलेय ते विचारायचं तरी!" कालपासून अडकलेले शब्द आता धडाधड बाहेर पडतात. "वीस वर्षं डोंगरउतारावरून मोजणीची साखळी ओढलीय मी. तुमच्या फळ्यांवर माल नाही म्हणून माझा पाय कामातून गेला असं ठरवणारे तुम्ही कोण? नाही म्हणा. शोधून बघतो म्हणा. पण माझ्या वयाचा हिशेब तुम्हाला कुणी विचारलाय?"

दुकानदार नकाशावर रेघ मारत राहतो. ती दादाकडे वळते. तो दुकानाच्या पायरीवर उभा आहे, हातात कानस, नजर स्वतःच्या चपलांवर.

"बोल की," ती म्हणते. "तू टर्नर माणूस. तुझं ऐकतील."

दादा कानशीवरचा कीस अंगठ्याने पुसतो.

"बोल म्हणते ना! मला उतर म्हणायला बरं तोंड होतं तुला!"

हे शब्द तिने तीस वर्षांत उच्चारलेले नव्हते. ते तोंडातून निघतात आणि पायाखालची फरशी चढाची होते. उजव्या हाताला दगडी कठडा आहे, खाली सातारा उन्हात पसरलाय. हा यवतेश्वरचा घाट. वारा आहे, करवंदीच्या जाळ्यांचा वास आहे, आणि संजीवनी सायकलवर आहे. लाल रंग करकरीत नवा. ती एकवीस वर्षांची आहे, दोन्ही गुडघे तेल घातल्यासारखे फिरतायत. दादाने पहिल्या बोनसवर सायकल घेतली त्याला महिना झालाय. तो झोपलेला असताना ती न विचारता घेऊन आलीय. पाय न टेकता चढतेय. छाती फुटायला आलीय आणि तिला ओरडावंसं वाटतंय, इतका आनंद झालाय.

मागून मोटरसायकल येते. दादा आणि त्याचे दोन मित्र, तिघं एकाच गाडीवर. पुढे जाऊन आडवी लावतात.

"उतर," दादा म्हणतो.

ती उतरते. मित्र हसतायत. दादा तिच्या हातातून सायकल घेतो. "पोरींनी घाटात सायकल आणायची नसती. चालत ये घरी." आणि तो सायकलवर बसून उतारावरून निघून जातो, मोटरसायकल त्याच्या मागे. सहा किलोमीटर. पायात साध्या सपाता.

ते तेव्हा असं घडलं होतं. आज मात्र ती चालायला लागत नाही. रस्त्याच्या मधोमध उभी राहते आणि उताराकडे तोंड करून ओरडते, "दादा! माघारी ये!"

आणि तो येतो. सायकल हाताने ढकलत, चढ चढत, दम लागलेला. आता तो अठ्ठावन्न वर्षांचा आहे, खाकी शर्ट घामाने पाठीला चिकटलाय. मित्र नाहीत. मोटरसायकल नाही. तो सायकल कठड्याला टेकवतो आणि कठड्यावर बसतो.

"का उतरवलंस मला?" संजीवनी विचारते. ती आता एक्कावन्न वर्षांची आहे, डावा पाय ताठ.

"घाटात गाड्या असत्यात..."

"खोटं बोलू नकोस. मेल्यावर तरी बोलू नकोस."

दादा घाटातल्या खालच्या वळणाकडे बोट दाखवतो.

"त्या वळणापातूर मला कधी एका दमात जमलं न्हाई," तो म्हणतो. "तीन ठिकाणी पाय टेकायचो. दोस्तांना सांगायचो, सरळ वर जातो म्हणून. आन् आम्ही मागनं येतोय तर तू वळणाच्या पुढं. एकदाबी पाय न टेकता. तवा एक दोस्त म्हणला, जया, तुझी बहीण बघ की रं."

"म्हणून?"

"म्हणून."

"एवढ्यासाठी?" तिचा आवाज चिरकतो. "एवढ्याशा गोष्टीसाठी? मी नंतर सायकलला हात लावला नाही, दादा. तीस वर्षं! मोजणीला पायी हिंडले, एसटीने हिंडले, लोकांच्या ट्रॅक्टरवर बसून हिंडले. मला वाटायचं माझंच चुकलं. आणि तुला नुसता जळफळाट झाला होता?"

"व्हय."

"आणि सांगितलं नाहीस!"

"सायकल आणून दिली की तुला."

"सायकल आणून देणं म्हणजे सांगणं नाही! तोंडाने सांगायचं असतं. तुला तीन आठवडे होते. रोज संध्याकाळी माझ्या घरात बसून पाना फिरवत होतास, माझ्या हातचा चहा पीत होतास. एकदा म्हणायचं होतंस."

"म्हणणार हुतो. सायकल पुरी झाल्यावर." तो तळहात चोळतो. "आधी काम, मग बोलणं, असं धरून चाललो. चुकलं माझं, संजे. तवाबी चुकलं आन् नंतरबी."

तिला वाटत होतं, हे ऐकलं की राग उतरेल. उतरत नाही. तीस वर्षांचा राग एका वाक्याने कसा उतरेल? पण तो आता इकडेतिकडे भटकत नाही. दुकानदारावर नाही, ऑफिसवर नाही. नेमका समोरच्या माणसावर येऊन बसलाय, आणि समोरचा माणूस तो घेतोय, हालत नाही. तेवढ्यानेही तिचा जबडा थोडा सैल होतो.

ती त्याच्या शेजारी कठड्यावर टेकते. ताठ पाय पुढे पसरते. खाली गाव धूसर व्हायला लागलंय, कडेकडेने पांढरं.

"क्रँक मिळत नाही," ती म्हणते.

"ह्या! नवा शोधतीस कशाला? आहे त्यालाच अलीकडं भोक पाड. जुनं लोखंड हाय, जाड. मागनं पट्टी वेल्ड करून घे. फक्त डाव्या अंगाला आटे उलटे पाडायला सांग, न्हाईतर पायडल चालता चालता सुटून पडंल. कुठलाबी लेथवाला अर्ध्या तासात करंल."

संजीवनी त्याच्याकडे बघतच राहते. "आणि हे तू मला आज सांगतोयस?"

"आज भेटलीस."

"किती अलीकडे पाडायचं?"

"चार बोटं."

"चार बोटं म्हणजे काय माप झालं? मी मोजणीदार आहे. कुणाची बोटं? तुझी का माझी? तुझी बोटं केळ्याएवढी!"

दादा हसतो. अकरा महिन्यांत तिने ते हसू पाहिलेलं नाही, खालचा ओठ आत घेऊन हसायची ती रीत. तो कठड्यावरून उठतो, सायकलपाशी उकिडवा बसतो, आणि तिला फक्त त्याची पाठ दिसते. खाकी शर्ट. पाठीवर घामाचा नकाशा.

"दादा, कुणाची बोटं?"

टक्.

हातोडीचा एकच ठोका.

संजीवनी डोळे उघडते.

पंखा फिरतोय. ऊन फरशीवरून भिंतीवर चढलंय. मानेखाली घाम. सायकल होती तिथेच उलटी उभी आहे, आणि खोलीत दुसरं कुणी नाही. ती थोडा वेळ तशीच पडून राहते, ऐकत. मग कोपरावर जोर देऊन, ताठ पाय ओढत सायकलपाशी सरकते.

डाव्या क्रँकची बाहेरची बाजू तिने शंभरदा पाहिलीय. आतली, फ्रेमकडची, कधी नीट पाहिली नव्हती. तिथे ग्रीसचा जाड थर आहे, वर्षभराची धूळ खाऊन काळा झालेला. ती त्याला मळ समजत आली होती. आज ती चटईवरचं फडकं घेते आणि पुसते. एकदा, दोनदा. तिसऱ्या वेळी खालचं लोखंड लागतं, घासून चकचकीत केलेलं. त्याला गंज धरू नये म्हणून कुणीतरी मुद्दाम ग्रीस थापलेलं.

त्या चकचकीत लोखंडात, बरोबर मधोमध, एक ठिपका आहे. भोक पाडायच्या आधी टर्नर पंचने जो ठोका मारतात, तो. बारीक, खोल. त्याच्याभोवती टोकदार सळईने कोरलेलं पुरतं गोल वर्तुळ.

"मग सांगायला काय झालं होतं!" ती रिकाम्या खोलीत मोठ्याने म्हणते. राग आहे तो आहेच.

मग ती आपला उजवा हात उचलते आणि पायडलच्या भोकाला लावून चार बोटं क्रँकवर शेजारी शेजारी टेकवते. बारकी, सडसडीत, पेनाच्या शाईने डागळलेली बोटं. करंगळीच्या कडेला, केसभरही अलीकडे नाही आणि पलीकडे नाही, ठिपका आहे.